शहीद, एक सीट

घणसोली स्टेशनबाहेर रिक्षावाला ओरडतो,
"शहीद, शहीद! एक सीट!"
मी बसते. कडेची जागा, एक पाय जवळजवळ रस्त्यावर,
मांडीवर पिशवी, पिशवीत अबोलीची वेणी
आणि नारळ.

पाटीवर सगळं होतं:
शहीद लान्सनायक जनार्दन अंबाजी मढवी चौक.
पहिलं वर्षभर लोक थांबून वाचायचे.
मग लान्सनायक गळालं, ते जिभेला जडच होतं.
मग बाबांचं नाव.
मढवी तर अर्धं गाव, कुणाकुणाला ओळखायचं?
जनार्दन कधी गेला ते मात्र कळलं नाही.
उरलं ते पंधरा रुपयांत मिळतं.

जना थंडीला भ्यायचा.
डिसेंबरात खाडीवरून जरा वारा सुटला
की आईचा शालू पांघरून अंगणात बसायचा,
आम्ही हसायचो.
तिकडून त्यानं लिहिलं होतं,
ताई, इथं पाणी आधी फोडायचं, मग प्यायचं.
पत्र कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांत,
पदकाच्या डबीखाली.
डबी आम्ही उघडत नाही. पत्र उघडतो.

सव्वीस जानेवारीला मंडप पडतो.
चक्रावर पांढरी फीत, फितीवर भाऊंचं नाव,
जनाच्या नावापेक्षा बोटभर मोठं.
आईला खुर्ची पहिल्या रांगेत.
दुपारपर्यंत शेजारच्या बकऱ्या झेंडू खाऊन टाकतात.
कुणीतरी हाकलायला धावलं
तर आई म्हणाली, "खाऊ दे रं. भुकेली हान ती."

गावाच्या वेशीवर, आताच्या वीजकेंद्रामागं,
उंबराखाली बापदेव आहे.
गटारीला कोंबडं, लग्नाआधी नारळ,
शेंदराचा थर असा की खाली काय ते पणजीलाही ठाऊक नव्हतं.
गेल्या साली कॉलेजची एक पोर आली, वहीवाली,
गावाला विचारून, पाया पडून,
तेल लावत लावत तिनं तीन दिवस शेंदूर उतरवला.

तळाला होडी निघाली.
होडीत माणसं, एकाच्या छातीत भाला.
आई वाकून बघत राहिली.
"वल्हा उलटा धरलाय," म्हणाली, "पाथरवट घाटावरचा असंल."
मधल्या पट्टीत दोन बाया त्याला काखेत धरून वर नेताना.
वरती पिंडी, तो हात जोडून,
आणि कडेला सूर्य, चंद्र.
जोवर हे दोघं, तोवर हा, असं पोर म्हणाली.
नाव? नाव नाही.
हजार वर्षं कोंबडं खातोय, नाव नाही.
बाप झाला होता का, तेही कुणाला माहीत नाही.
जना तर नव्हताच झाला.

परतताना आईनं विचारलं,
"आपल्या जनाला कोनी नेला गो?"
मी म्हटलं, हेलिकॉप्टरनं. चौथ्या दिवशी,
हवा साफ झाल्यावर.
ती त्या दोन बायांकडं पुन्हा एकदा बघून आली.

त्या वर्षापासून पाटीवरचा रंग उडतोय,
जनार्दनचा ज आधी.
महापालिकेत अर्ज दिला, शिक्का मिळाला.
म्हणून आज पिशवीत, नारळाखाली,
पांढऱ्या ऑइलपेंटची छोटी डबी आहे
आणि भाचीचा शाळेतला ब्रश.
वेणी कुठं वाहायची ते अजून ठरत नाही.
चौकात बकऱ्या आहेत,
बापदेवाला अबोली चालते की नाही, कुणी सांगितलेलं नाही.

रिक्षा सिग्नलला थांबते.
आरशात न बघताच तो विचारतो,
"शहीदचं कोण आहे?"

मी, मी म्हणते.
आणि सुटे पंधरा शोधत राहते,
मागची रिक्षा हॉर्न वाजवते तरी.